म्हाताऱ्या माणसाचा खडा: वंगण वरून द्यावं की खालून?

रेणापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात सांगतो. त्यांचे सासरे ७४ वर्षांचे आहेत. मागच्या वर्षी अर्धांगवायूचा हलका झटका येऊन गेला. तीन आठवड्यांपूर्वी ते ओट्यावरून पडले, हाड मोडलं नाही, पण कंबर धरली आणि तेव्हापासून बहुतेक वेळ खाटेवरच असतात. संडास पाच-सहा दिवसांतून एकदा, तीही कुंथून कुंथून. रात्री चूर्ण चालूच आहे. शेजारच्या आजी म्हणतात, एरंडेल द्या, आतडी मऊ होतील. मेडिकलवाल्याने लिक्विड पॅराफिनचं पातळ औषध दिलंय आणि रोज झोपताना दोन चमचे पाजायला सांगितलंय. घरात तूप-दूध द्यावं असंही चाललंय. यातलं सगळ्यात सौम्य कोणतं आणि रोज दिलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलंय. शेवटी जाता जाता दोन वाक्यं आहेत: पाणी पिताना मामंजींना ठसका लागतो, आणि दोन दिवसांपासून धोतराला थोडं थोडं पातळ लागतंय, म्हणजे पोट साफ व्हायला लागलंय का?

ताई, माझ्या उत्तराची सुरुवात तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांपासून करतो. औषध कोणतं, यापेक्षा ती दोन वाक्यं जास्त महत्त्वाची आहेत.

धोतराला पातळ लागणं म्हणजे पोट साफ होणं नव्हे. आठवडाभर संडास नीट झालेली नाही, माणूस खाटेला खिळलेला आहे, आणि अचानक पातळ झिरपायला लागलं, तर सगळ्यात आधी शंका घ्यायची ती खाली खडा अडकल्याची. गुदद्वाराच्या वर मळाचा कठीण गोळा बसतो, तो हलत नाही, आणि वरचं पातळ पाणी त्याच्या कडेने खाली झिरपतं. घरचे समजतात, जुलाब लागले. मग जुलाब बंद करायची गोळी दिली जाते आणि खडा आणखी घट्ट होतो. आमच्याकडे ओपीडीत हा प्रकार उन्हाळ्यात हमखास येतो. म्हणून ती गोळी चुकूनही देऊ नका, आणि उद्याच्या उद्या एखाद्या डॉक्टरकडून हातमोजा घालून बोटाने तपासून घ्या. एक मिनिटाची तपासणी आहे. डाव्या कुशीवर झोपवायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, बोटाला जेली लावायची. खडा असेल तर तो बोटाला लागतोच. नसेल तर गोष्ट वेगळी, मग मळ वर साचलाय की आणखी काही आहे ते बघावं लागेल. लांबून पत्र वाचून मी शंकाच घेऊ शकतो, खात्री ते बोटच देईल.

आता ठसका. मेडिकलवाल्याने दिलेली बाटली त्यामुळेच बंद करायची आहे.

लिक्विड पॅराफिन हे खनिज तेल आहे, कच्च्या तेलातूनच शुद्ध करून काढतात. ते आपल्याला पचत नाही आणि शोषलंही फारसं जात नाही, म्हणून तसंच्या तसं मोठ्या आतड्यात उतरतं. मळावर आणि आतड्याच्या अस्तरावर थर धरतं. त्यामुळे मळातलं पाणी आतडं ओढून घेत नाही आणि मळ घसरत पुढे जातो. खरं वंगण म्हणावं असं तोंडाने घ्यायचं औषध हे एकच. कळ येत नाही, पोटात मुरडा नाही, सात-आठ तासांत किंवा दुसऱ्या दिवशी काम होतं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचे सर्जन आर्बथनॉट लेन यांनी त्याचा मोठा प्रसार केला आणि तेव्हापासून ते घरोघरी गेलं. निरोगी, चालत्याफिरत्या माणसाला फिशरची चीर पडली असेल किंवा मूळव्याधीचं ऑपरेशन झालं असेल, तर चार-आठ दिवस द्यायला मीही देतो.

पण ते चवीला काहीच नाही, घशाला टोचत नाही, आणि हाच त्याचा दोष. पाणी श्वासनलिकेत गेलं तर माणूस खोकून खोकून बाहेर काढतो. हे तेल मात्र खोकल्याची जाणीवही न होता गुपचूप खाली उतरतं. फुप्फुसाला ते बाहेर टाकता येत नाही. तिथे ते साचतं आणि सूज आणतं. तेल फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो हे १९२५ सालीच वैद्यकीय साहित्यात नोंदलं गेलंय. ज्यांना गिळायला त्रास आहे, ज्यांना अर्धांगवायू झालाय, जे खाटेवर पडून आहेत, आणि जी लहान पोरं औषध पाजताना रडतात, तोंड फिरवतात, त्यांना हा धोका सगळ्यात जास्त. एका आजींना रोज रात्री झोपवूनच चमच्याने हे औषध पाजत होते. खोकला महिनोन्महिने जाईना, वजन उतरलं, एक्स-रेवर डाग दिसला आणि टीबीचा इलाज सुरू झाला. आमच्या भागात एक्स-रेवर डाग म्हटलं की पहिलं नाव टीबीचंच येतं. पोटाला कोणतं औषध चालू आहे हे कोणी विचारलंच नव्हतं.

तेव्हा तुमच्या सासऱ्यांना लिक्विड पॅराफिन तोंडाने नको. थोडंही नको, बसवून पाजलं तरी नको. बाटलीवरचं लेबलही एकदा वाचा. बाजारातल्या बऱ्याच बाटल्यांत पॅराफिनबरोबर मिल्क ऑफ मॅग्नेशिया असतं, काहींत आतड्याला चालना देणारं तिसरंही औषध असतं. किडनी कमजोर असेल तर मॅग्नेशियम रक्तात साचतं, आणि या वयात किडनी किती चालते हे क्रिएटिनिनची रक्ततपासणी केल्याशिवाय कळत नाही.

दुसऱ्या कोणी हे वाचत असेल आणि त्यांना हे औषध लिहून दिलेलं असेल, तर घाबरून जाऊ नका. मोठ्या माणसाला साधारण १५ मिली, जेवणानंतर दोन तासांनी, ताठ बसून, आणि घेतल्यावर निदान तासभर आडवं व्हायचं नाही. आठवड्याच्या पुढे स्वतःच्या मनाने चालवायचं नाही. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं तेलात विरघळतात, ती या तेलाबरोबर वाया जातात. वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल त्यांनी तर विचारल्याशिवाय हात लावू नये. जास्त झालं की तेल नकळत कपड्याला लागतं, त्याची लाज आणि खाज दोन्ही सोसावं लागतं.

आता एरंडेल. शेजारच्या आजींच्या मनात काय आहे ते मला कळतं. आपल्याकडे बांधावर एरंड, घरात एरंडेल, आणि गाडीच्या आसालाही तेच वंगण घालायचे. हाताला चिकट लागतं, म्हणून आतड्यातही ते वंगणाचंच काम करत असेल, असा समज होतो. तसं नाही. एरंडेल लहान आतड्यात फुटतं आणि त्यातून रिसिनोलेइक आम्ल सुटतं. ते आम्ल आतड्याच्या स्नायूंना आकुंचन पावायला लावतं. पेशीवरच्या कोणत्या ग्राहीवर, म्हणजे रिसेप्टरवर, बसून हे होतं, तेही २०१२ साली जर्मनीतल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिलंय. म्हणजे एरंडेल हे जुलाबाचं औषध आहे, वंगण नव्हे. दोन ते सहा तासांत मुरडा येऊन जुलाब होतात. तरण्या शेतकऱ्याला वर्षातून एकदा घेतलं तर तो सहन करेल. तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत खाली बूच बसलेलं असताना वरून आतडं जोराने आवळायला लावणं म्हणजे कळा, उलटी आणि अंगातलं पाणी जाणं. गरोदर बाईला तर एरंडेल अजिबात देऊ नये, गर्भाशयही त्याने आवळतं.

रात्रीच्या चूर्णाचंही तेच. बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते, ती आतड्याला ढकलते. सोनामुखी वाईट आहे असं मी म्हणणार नाही, वेळेला मीही देतो, पण खडा निघेपर्यंत चूर्ण बंद ठेवा. इसबगोलही सध्या नको. इसबगोल पाणी पिऊन फुगतं, पेलाभर पाणी त्याच्यामागून गेलं तरच मळ मऊ करतं. ज्याला पाण्याचा ठसका लागतो त्याला ते पाजणं धोक्याचं, आणि पाणी कमी पडलं तर ते वरच्या वर घट्ट होऊन बसतं.

मग करायचं काय? आधी खालून मोकळं करायचं, आणि मगच वरून मऊ करायचं. तुमच्या सासऱ्यांना वंगण हवंच आहे, फक्त ते तोंडातून नको, गुदद्वारातून हवं.

तपासणीत खडा खाली आणि फार मोठा नाही असं निघालं, तर ग्लिसरीनची सपोझिटरी, म्हणजे खालून ठेवायची बत्ती, हे सगळ्यात सौम्य साधन. मेडिकलमध्ये मोठ्यांची आणि लहानांची वेगळी मिळते, मोठ्यांची घ्या. ग्लिसरीन दोन कामं करतं. आजूबाजूचं पाणी ओढून मळाचा पृष्ठभाग बुळबुळीत करतं, आणि गुदाशयाला हलकी चेतना देतं, त्यामुळे वेग येतो. पंधरा मिनिटांपासून तासाभरात काम होतं. ठेवायची पद्धत नीट समजून घ्या, कारण निम्म्या घरांत ती चुकीच्या जागी ठेवली जाते. हात धुऊन हातमोजा घालायचा. सासऱ्यांना डाव्या कुशीवर वळवून वरचा गुडघा पोटाकडे घ्यायचा. बत्ती पाण्यात ओली करायची, तेलात किंवा व्हॅसलीनमध्ये नाही. ती बोटाच्या पहिल्या-दुसऱ्या पेरापर्यंत आत सरकवायची, आणि मुख्य म्हणजे मळात खुपसायची नाही, आतड्याच्या भिंतीला टेकवून ठेवायची. मळात रुतली तर ती तिथेच विरघळून वाया जाते. ठेवल्यावर पंधरा-वीस मिनिटं तसंच पडून राहू द्या, लगेच उठवू नका. ४२-४३ अंशाच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात या बत्त्या मऊ पडतात, तेव्हा डबी फ्रिजमध्ये, नाहीतर माठाशेजारी सावलीत ठेवा.

आपल्याकडे तान्ह्या बाळांना विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून लावतात, कोणी साबणाची चीप सरकवतं. देठाने वेग येतो तो त्या जागेला स्पर्श झाल्यामुळे, तेलामुळे नव्हे, आणि साबणाने आतलं अस्तर भाजल्यासारखं लाल होतं. बाळालाही नको, म्हाताऱ्यालाही नको. साबणाच्या पाण्याचा एनिमाही याच कारणाने सोडून द्या.

खडा मोठा आणि कठीण असेल तर बत्तीने भागत नाही. मग डॉक्टर तेलाचा एनिमा देऊन काही तास आत धरायला लावतात आणि खडा मऊ झाला की बाहेर काढतात. आयुर्वेदातली मात्राबस्ती याच जातीची. साधारण ६० मिली कोमट तेल, बहुधा तिळाचं, गुदमार्गाने देतात आणि ते आतच राहू देतात. चांगला वैद्य जवळ असेल आणि त्याने आधी तपासलेलं असेल, तर माझी काही हरकत नाही. तयार मिळणारा फॉस्फेटचा एनिमा मात्र या वयात विचारल्याशिवाय देऊ नका, त्याने रक्तातले क्षार बिघडतात. आणि बोटाने खडा काढायची वेळ आली, तर तेही दवाखान्यातच. सुन्न करणारी जेली लावून थोडा थोडा फोडून काढावा लागतो, आणि त्या वेळी म्हाताऱ्या माणसाची नाडी एकदम मंद पडू शकते.

मोकळं झाल्यावर लगेच हात झटकू नका, खरं काम तिथून सुरू होतं. वरून मऊ करायला मी यांच्यासाठी लॅक्टुलोजचं पातळ औषध निवडेन. ते मळात पाणी धरून ठेवतं. वंगण नाही, पण फुप्फुसाला त्या खनिज तेलासारखा धोकाही नाही, आणि सिरप दाट असल्यामुळे पाण्यापेक्षा घशाला सोपं जातं. १५ मिलीपासून सुरुवात, ताठ बसवून, चमच्या-चमच्याने. परिणामाला एक-दोन दिवस लागतात, तेव्हा सकाळी दिलं आणि संध्याकाळी झालं नाही म्हणून डोस वाढवू नका. सुरुवातीला पोट गुडगुडतं, वारा सरतो, ते चालतं. गिळायला त्रास नसता तर मळ मऊ करणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर मी आधी सांगितली असती, पण ती पाण्यात कालवून प्यायची असते.

तूप-दुधाचं विचारलंत. चमचाभर तूप जवळजवळ सगळं लहान आतड्यातच शोषलं जातं, मोठ्या आतड्यात वंगण घालायला ते उरत नाही. तरीही सकाळी कोमट दूध-तूप घेऊन लोकांना बरं वाटतं, ते खोटं नाही. पोटात काहीतरी कोमट आणि स्निग्ध पडलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं. ही चालना सकाळी उठल्यावर आणि खाल्ल्यानंतर सगळ्यात जोरात असते. तेव्हा द्या, पण झोपताना नको, सकाळी द्या, आणि त्यानंतर वीस मिनिटांनी त्यांना बसवा.

बसवायचं कुठे आणि कोणी? ताई, याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, पण मला वाटतं निम्मं दुखणं इथेच आहे. ७४ वर्षांचा माणूस, ज्याने जन्मभर पहाटे तांब्या घेऊन परसाकडं जायचं, तो आता सुनेला हाक मारून सांगणार कसा, की मला बसायचंय? तो वेग दाबतो. वेग दाबला की मळ आत सुकतो. दोन-चार दिवस असं झालं की वेगच येईनासा होतो. म्हणून कमोडची खुर्ची आणा, भाड्यानेही मिळते. तिला पडदा लावा. उठवायला, बत्ती ठेवायला, धुवायला तुमचे मालक किंवा घरातला दुसरा पुरुष असू द्या. खुर्चीवर बसवल्यावर पायाखाली पाट ठेवा, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर यायला हवेत, अंग जरा पुढे झुकलेलं. उकिडवं बसल्यावर गुदाशयाचा कोन जसा सरळ होतो, तसा तो इथेही होतो. दहा मिनिटं पुरेत. झालं नाही तर उठवा, संध्याकाळच्या जेवणानंतर पुन्हा बघा. कुंथत बसवू नका.

पाण्याचं सांगणं मराठवाड्यात सोपं नसतं. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपण पाहिलंय. टँकरचं पाणी जपून वापरायची सवय अंगात मुरलेली असते, म्हातारी माणसं तर पिण्यातही काटकसर करतात, आणि रात्री उठावं लागू नये म्हणून चारनंतर पाणीच सोडतात. त्यात वयाने तहान मंदावते. तुमच्या सासऱ्यांना पातळ पाण्याचा ठसका लागतो, म्हणून पाणी दाट रूपात द्या. ज्वारीची आंबील यासाठी फार उपयोगी, दाट असल्याने घशात हळू उतरते. वरणात कुस्करलेली मऊ भाकरी, चुका किंवा करडईच्या कोवळ्या पानांची पातळ भाजी, पिकलेली पपई कुस्करून. चहात बुडवलेली टोस्ट-बिस्किटं कमी करा. दात नाहीत म्हणून घरोघरी म्हातारी माणसं त्याच्यावरच दिवस काढतात, आणि त्यात मैद्याशिवाय काही नसतं.

पडल्यानंतर दुखण्याच्या गोळ्या नक्की लिहिल्या असतील. त्यात ट्रॅमाडॉल असेल तर आजच्या त्रासाचं मोठं कारण तेच असू शकतं. बरोबर लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या असतील तर त्याही मळ बांधतात. डॉक्टरांना विचारून दुखण्याची गोळी पॅरासिटामॉलवर आणता येते का बघा. बीपीची आणि झटक्यानंतरची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

पोट फुगून टणक झालं, उलट्या सुरू झाल्या, वाराही सरेना, ताप आला, किंवा संडासमधून रक्त वा डांबरासारखं काळं गेलं, तर बत्ती, एनिमा काहीही न करता सरळ दवाखाना गाठा. रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका. आणि हा त्रास पडण्याच्या आधीपासून, गेल्या काही महिन्यांत नव्यानेच सुरू झालेला असेल, वजन उतरत असेल किंवा तपासणीत अंगात रक्त कमी असल्याचं निघालं असेल, तर दुर्बिणीची तपासणी लागेल. त्यात चालढकल नको.

रोज झालंच पाहिजे हा हट्टही सोडा. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, इथपर्यंत सगळं ठीक समजतात, फक्त मऊ व्हावं आणि कुंथावं लागू नये. कॅलेंडरवर खूण करत जा. दोन आठवडे आठवड्यातून तीन-चार वेळा मऊ होत राहिलं, की डॉक्टरांना विचारून लॅक्टुलोज थोडं थोडं कमी करता येतं.

ठसक्याचं वेगळं दाखवून घ्या. मागच्या वर्षीच्या झटक्यानंतर तो राहिलाय की आता नव्याने सुरू झालाय, हे महत्त्वाचं आहे. नवा असेल तर तो दुसऱ्या झटक्याची खूण असू शकतो, मग खड्याच्या आधी त्याचाच नंबर. गिळण्याची तपासणी लातूरच्या किंवा अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात विचारा. जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि ती पॅराफिनची बाटली पिशवीत घालून न्या, चूर्णाचा डबासुद्धा.